शिकमपूर कबाबच्या पोटात काय आहे?

शिकम म्हणजे पोट आणि पुर म्हणजे भरलेलं. फारसीतले हे दोन साधे शब्द जोडून दख्खनने एका कबाबला नाव दिलं. खिम्याची जाडसर टिक्की, तिच्या पोटात चक्का, पुदिना, बारीक चिरलेला कांदा आणि हिरवी मिरची. बाहेरून पाहिलं तर साधा शामी कबाब वाटतो. तोडल्याशिवाय आत काय आहे ते कळत नाही.

आज या कबाबच्या नावामागे ‘हैदराबादी’ लावायची पद्धत आहे. त्यावर भांडण नाही. पण ज्या आसफजाही दरबाराच्या नावाने हे सगळं खाणं ओळखलं जातं, तो दरबार आधी आमच्या औरंगाबादेत होता. पहिल्या निजामाने 1724 मध्ये शकरखेड्याची लढाई जिंकून दख्खनची सत्ता हातात घेतली. त्यानंतर चार दशकांनी, 1760 च्या दशकात, राजधानी हैदराबादला गेली. राजधानी जाते तेव्हा दफ्तरं, तोफा आणि उमराव जातात. शेगड्या मात्र सगळ्याच जात नाहीत. गावात राहिलेल्या लोकांना रोज जेवायचं असतं.

हा लेख मात्र कबाब कुणाचा या वादासाठी नाही. मला खिम्याविषयी लिहायचं आहे. गेल्या दहा-अकरा वर्षांत महाराष्ट्रात खिमा हा खाण्याइतकाच पोलीस ठाण्याचा विषय झाला आहे. तो तसा का झाला हे समजून घ्यायचं तर थोडं मागे जावं लागतं.

खिमा हा शब्द तुर्कीतून आला. बारीक चिरणं, कापणं हा त्याचा मूळ अर्थ. कोफ्ता फारसीतून आला, तो कुटण्यावरून. सीख म्हणजे सळई. म्हणजे कबाबच्या घराण्यातली बरीचशी नावं पदार्थाची नसून कृतीची आहेत. चिरलेलं, कुटलेलं, सळईवर लावलेलं, पोटात भरलेलं. या कृती का सुरू झाल्या, याचं उत्तर राजवाड्यात शोधण्यापेक्षा बाजारात शोधावं. जनावराची कोवळी रान श्रीमंताकडे जाते. उरते ती मान, पाय, छातीकडचा चिवट भाग, जिथे स्नायूंना जोडणारे तंतू जास्त असतात. हा भाग थेट विस्तवावर टाकला तर चामड्यासारखा होतो. तो तासन् तास शिजवायचा, नाही तर चिरून-कुटून त्याचे तंतूच तोडून टाकायचे. खिमा म्हणजे स्वस्त मांसाला मऊ करण्याची युक्ती. वर मसाला आला, पोटात सारण आलं, चांदीचा वर्ख आला, हे सगळं नंतरचं.

पण या युक्तीची एक किंमत आहे. रानेचा तुकडा समोर ठेवला तर जाणकार माणूस हाड बघून सांगतो की बकरं आहे, मेंढी आहे की मोठं जनावर. खिमा झाला की जनावराची ओळख पुसली जाते. कोणतं जनावर, किती जुनं, ताजं की कालचं, चरबी किती, यातलं काहीच डोळ्यांना दिसत नाही. खाणाऱ्याला विकणाऱ्याच्या शब्दावर भिस्त ठेवावी लागते. म्हणून जिथे खिमा आला तिथे संशय आलाच.

हा संशय किती जुना आहे? बाराव्या शतकात शाम मुलुखात, म्हणजे आजच्या सीरियात, अल-शैजरी नावाच्या लेखकाने बाजाराची देखरेख करणाऱ्या मोहतसिबासाठी एक पुस्तक लिहिलं. भाकरीवाले, हलवाई, कसाई, औषधविक्ये, प्रत्येकाच्या लबाड्या आणि त्यावरचे उपाय त्यात आहेत. शेळीच्या मांसाची शेपटी तशीच राहू द्यावी, म्हणजे गिऱ्हाइकाला ते ओळखता येईल, असा नियम त्यात सापडतो. आतड्यात खिमा भरून विकणाऱ्यांविषयी तर तो म्हणतो की त्यांची दुकानं मोहतसिबाच्या चौकीजवळच असावीत, कारण यांच्या लबाड्या फार. खिमा करताना माश्या हाकलायला एक माणूस उभा असावा, इतक्या बारीक गोष्टीही त्याने लिहून ठेवल्या. शामी कबाबचं नाव ज्या शाम मुलुखावरून पडलं असं सांगतात, त्याच मुलुखातली ही गोष्ट आहे. यातली जबाबदारी कुणावर आहे ते लक्षात घ्या. देखरेख करायची ती हाकिमाच्या माणसाने. गिऱ्हाइकाच्या घरात शिरून त्याचं पातेलं उघडून बघायला अल-शैजरी सांगत नाही.

त्याच बाराव्या शतकात आपल्या बाजूला काय चाललं होतं? कल्याणीच्या चालुक्यांचा राजा तिसरा सोमेश्वर याच्या नावावर ‘मानसोल्लास’ हा संस्कृत ग्रंथ आहे. कल्याणी म्हणजे आजचं बसवकल्याण, बिदर जिल्ह्यात, आपल्या लातूर-धाराशिवच्या सीमेलगत. या ग्रंथाच्या अन्नभोग प्रकरणात मांसाचे प्रकार पुष्कळ आहेत. तुकड्यांना भोकं पाडून त्यांत मसाला भरायचा आणि ते शुलावर लावून निखाऱ्यावर भाजायचे, त्याला भडित्रक म्हटलं आहे. शेतातले गलेलठ्ठ उंदीर भाजायची कृतीही आहे. म्हणजे मांसात सारण भरणं आणि निखाऱ्यावर भाजणं या दोन्ही गोष्टी इथे तुर्कांच्या घोड्यावर बसून आल्या नाहीत. देवगिरीवर अल्लाउद्दीन खिलजीची पहिली स्वारी 1296 ची. त्याआधी दीडशेहून अधिक वर्षं मराठवाड्याच्या उंबऱ्यावर शूल आणि निखारा होता. कबाब हा ‘बाहेरचा’ म्हणून ज्यांना नाक मुरडायचं आहे त्यांनी, आणि कबाब म्हणजे फक्त आमचीच देणगी असं ज्यांना वाटतं त्यांनीही, सोमेश्वराचं हे प्रकरण वाचावं.

बाहेरून आलं ते नाव, आलं काही तंत्र आणि आले खाणारे. मुहम्मद बिन तुघलकाने 1327 मध्ये दिल्लीतल्या लोकांना दौलताबादेत आणलं. आमच्या शहराचा नान-खलिया त्याच्या फौजेच्या भटारखान्यात जन्मला असं इथे पिढ्यान् पिढ्या सांगतात. त्याला कागदाचा आधार मागू नये. पण मोठ्या फौजेला एकदम खाऊ घालायचं तर मोठी देग आणि जमिनीतला तंदूर याशिवाय गत्यंतर नाही, हे समजायला कागद लागत नाही. पुढे 1342 च्या सुमारास इब्न बतूता दौलताबादेत आला. इथल्या द्राक्षं-डाळिंबांचं त्याने कौतुक केलं. किल्ल्याच्या अंधारकोठडीत मांजरापेक्षा मोठे उंदीर आहेत असंही लिहून ठेवलं. (सोमेश्वराच्या खानसाम्याला हे कळलं असतं तर!) नंदुरबारच्या मराठ्यांविषयी तो लिहितो की ते भात, भाजी आणि तिळाचं तेल खातात आणि प्राण्याला इजा करणं त्यांना आवडत नाही. म्हणजे एकाच मुलुखात शुलावर मांस भाजणारे होते आणि मांसाला हात न लावणारेही होते. दोघं शेजारी राहत होते.

भरलेल्या खिम्याची जुनी नोंद इब्न बतूताकडेच मिळते, पण ती दिल्लीच्या दस्तरखानाची आहे. बदाम, अक्रोड, पिस्ते, कांदा आणि मसाला घातलेला खिमा पातळ पोळीत गुंडाळून तुपात तळत असत, त्याला तो संबूसक म्हणतो. आपला समोसा. तिथे कणकेच्या पोटात खिमा आहे. शिकमपूरने हे उलटं केलं. खिमाच पोट झाला आणि आत दही-कांदा गेला. मांडूच्या सुलतान गियासुद्दीनसाठी पंधराव्या शतकाच्या अखेरीस ‘निअमतनामा’ नावाची फारसी पाककृतींची सचित्र पोथी लिहायला घेतली होती. ती आज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहे. तिच्यात कबाब आहेत, समोसे आहेत, मिरची मात्र कुठेच नाही. कारण मिरची अमेरिकेतून पोर्तुगीजांबरोबर यायची होती. त्यामुळे शिकमपूरच्या पोटातली हिरवी मिरची पाहून कुणी तुघलकाची आठवण काढू लागला तर त्याला थांबवायला हवं. तिखटासाठी त्या काळी मिरे आणि आलं होतं.

आता संशयाकडे परत येऊ. फ्रेंच वैद्य बर्नियर औरंगजेबाच्या काळात दिल्लीत होता. 1663 च्या पत्रात तो दिल्लीच्या बाजाराविषयी लिहितो. भाजलेलं मांस जागोजागी मिळतं, पण त्यावर विश्वास ठेवता येत नाही. ते उंटाचं आहे, घोड्याचं आहे की आजाराने मेलेल्या बैलाचं, कोण जाणे! बर्नियर पक्का कुरकुऱ्या होता. हिंदुस्थानातल्या बऱ्याच गोष्टी त्याला पॅरिसपेक्षा हलक्या वाटत. तरी हा संशय खोटा नव्हता. बाजारू कबाब खाणाऱ्या प्रत्येकाच्या मनात तो कधी ना कधी येऊन जातो. आमच्या घरातल्या बायकांनी त्यावर फार पूर्वी उपाय काढला होता. तयार खिमा आणायचाच नाही. दुकानात उभं राहून दस्तीचा तुकडा निवडायचा, पाण्याने धुवायला लावायचा आणि मग सांगायचं, “मियाँ, सामनेच काट के देव.” माझी खाला तर ओंडका आधी पुसून घ्यायला लावायची आणि सत्तूर चालत असेपर्यंत नजर हलवायची नाही. मोहतसिब गेला, त्याची नोकरी आमच्या खालांनी चालवली.

कबाब निखाऱ्यावर कसा बनतो हेही इथे सांगतो, कारण संशय आणि चव दोन्हींचं मूळ खिम्यातच आहे. शिकमपूर बहुतेक घरांत तव्यावर होतो. खिमा आणि चणाडाळ खड्या मसाल्यात शिजवून, वाटून, मग भरतात. शेगडीवरचा कबाब कच्च्या खिम्याचा असतो आणि तो जास्त अवघड. आमच्याकडे बकरी ईदच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी संध्याकाळी अंगणात किंवा गच्चीवर शेगडी पेटते ती यासाठी. कुर्बानीचं मांस पहिल्या दिवशी आकसलेलं, ताठ असतं. एक रात्र गेली की सैल पडतं.

खिम्यात चरबी हवी, साधारण पाचवा हिस्सा. चरबी नको म्हणणाऱ्याने भाजी खावी. धुतलेल्या खिम्यातलं पाणी फडक्यात बांधून पिळून काढायचं, कारण ओला खिमा सळईवरून गळतो आणि टिक्की फुटते. मग कच्च्या पपईचा सालासकट वाटलेला चमचाभर लगदा. पपईतला चीक मांसाचे धागे तोडतो. जास्त झाला किंवा रात्रभर राहिला तर खिम्याची पेस्ट होते, म्हणून अर्धा-पाऊण तास पुरे. त्यानंतर भाजलेल्या डाळ्यांचं पीठ, खसखस आणि सुकं खोबरं भाजून वाटलेलं, आलं-लसूण, तळलेला कांदा, शहाजिरे, वेलची, आणि असेल तर कबाबचिनी, जिला आयुर्वेदात कंकोळ म्हणतात. डाळ्यांचं पीठ सुटणारा रस आणि चरबी धरून ठेवतं. उत्तरेकडच्या कबाबात बेसन दिसतं, आपल्याकडे डाळं, खोबरं आणि खसखस. हाच माल मराठवाड्यातल्या कुठल्याही हिंदू घरातल्या काळ्या रश्श्याच्या वाटणात थोड्याफार फरकाने सापडेल. मसाल्याच्या डब्याने कधी धर्मांतर केलं नाही.

भरायचं सारण कोरडं असावं. दही रात्रभर टांगून चक्का करायचा. कांद्याला मीठ लावून पिळायचं. ओल्या हातावर खिम्याची वाटी करायची, चमचाभर सारण, मग कडा वर ओढून तोंड बंद. बंद करताना आत हवा राहिली तर विस्तवावर ती फुगते आणि टिक्की नेमकी तिथेच फाटते. कोळसा लाल असताना घाई करायची नाही. त्यावर पांढरी राख चढली की आच एकसारखी मिळते. जाळीला तेल लावून टिक्की ठेवायची आणि ती स्वतःहून सुटेपर्यंत हात लावायचा नाही. एकदाच उलटायची. चरबी गळून ज्वाला उठली तर टिक्की बाजूला सरकवायची, पाणी मारायचं नाही, नाही तर राख उडून कबाबवर बसते. पंख्याने वारा घालणारं एखादं पोरगं लागतंच. आत थंड आंबट चक्का, बाहेर धुरकट पापुद्रा. हे जमायला दोन ईदा जातात.

हल्लीची पोरं याला बर्गर म्हणतात. पोटात चक्क्याऐवजी चीज घालतात आणि बेकरीचा गोल पाव आणतात. त्यात वाईट वाटण्यासारखं काही नाही. अमेरिकेत मिनियापोलिस शहरात चीज पोटात भरलेल्या बर्गरवरून दोन जुन्या खाणावळींचं भांडण आहे, पहिला कुणी बनवला म्हणून. तेही शिकमपूरच. जर्मनीतल्या हॅम्बुर्ग शहराचं नाव घेऊन हा खिमा अमेरिकेत गेला आणि तिथेही त्याच्यामागे संशय लागला. अप्टन सिंक्लेअरने 1906 मध्ये ‘द जंगल’ ही कादंबरी लिहून शिकागोच्या मांस कारखान्यांतली घाण लोकांपुढे मांडली. त्याच वर्षी अमेरिकी सरकारला मांसतपासणीचा कायदा करावा लागला. लोकांच्या मनातली भीती मात्र लगेच गेली नाही. 1921 मध्ये कॅन्सस राज्यातल्या विचिटा शहरात ‘व्हाइट कॅसल’ हे बर्गरचं दुकान निघालं, तेव्हा ते मुद्दाम पांढरंशुभ्र ठेवलं आणि बर्गर गिऱ्हाइकाच्या डोळ्यांसमोर भाजले जात. सामनेच काट के देव! माझी खाला विचिटाला गेली असती तर तिला मालकाचं पटलं असतं.

मॅकडोनाल्ड्स 1996 मध्ये भारतात आलं. जगभर गोमांसाच्या बर्गरवर वाढलेल्या या कंपनीने इथे गोमांस ठेवलंच नाही. तिचं असं हे जगातलं पहिलंच दुकान होतं. सुरुवातीचा महाराजा मॅक मटणाचा होता, नंतर तो कोंबडीचा झाला. शाकाहारी पदार्थांची भांडी-चुली वेगळ्या ठेवल्या आणि त्याची जाहिरातही केली. म्हणजे पावात घातलेला मटणाचा कबाब विकूनच त्यांनी इथे जम बसवला. पण इतक्या मोठ्या कंपनीलाही आधी हेच सिद्ध करावं लागलं की आमच्या खिम्यात नेमकं काय आहे.

कंपनीला ते परवडतं. सिल्लेखान्यातल्या दुकानदाराला परवडतं का? सिल्लेखाना ही आमच्या शहरातली कुरेशी बिरादरीची वस्ती. नाव मात्र हत्यारांचं. सिलाह म्हणजे शस्त्र. मराठ्यांच्या दफ्तरातही शिलेखाना हा शस्त्रागारासाठी येणारा शब्द आहे. तलवारी गेल्या, सत्तूर राहिले. गरीब घरांना, फक्त मुसलमानच नव्हे तर अनेक दलित घरांनाही, परवडणारं मांस अशा वस्त्यांतून मिळायचं. आमच्याकडे त्याला ‘बडे का’ म्हणतात, मटणाला ‘छोटे का’. सीख कबाबच्या गाड्यावर मजुराला पोटभर खाता यायचं ते ‘बडे का’ होतं म्हणून.

महाराष्ट्रात 1976 च्या कायद्याने गाईच्या कत्तलीला बंदी होती. बैल-वळूंची कत्तल प्रमाणपत्र घेऊन करता येत असे. 1995 च्या दुरुस्तीने तीही बंद करायचं ठरलं, पण तिला राष्ट्रपतींची संमती मिळायला वीस वर्षं गेली. मार्च 2015 मध्ये ती लागू झाली. म्हशीला बंदी नाही, हे आजही अनेकांना माहीत नसतं. कत्तलीला पाच वर्षांपर्यंत कैद आणि दहा हजारांपर्यंत दंड ठरला. पण मला जास्त महत्त्वाची वाटतात ती या दुरुस्तीतली दोन कलमं. कलम 5 ड नुसार, राज्याबाहेर कायदेशीरपणे कापलेल्या गाय-बैलाचं मांस नुसतं जवळ ठेवणंही गुन्हा ठरलं. आणि कलम 9 ब नुसार, आपल्याकडचं मांस बेकायदा नाही हे सिद्ध करण्याची जबाबदारी आरोपीवर टाकली गेली.

खिम्याच्या संदर्भात या दुसऱ्या कलमाचा अर्थ काय होतो ते बघा. ज्या वस्तूची ओळखच पुसलेली आहे, तिची ओळख तुम्ही पटवायची. तुमच्या फ्रीजमध्ये पाव किलो खिमा आहे. तो म्हशीचा आहे हे तुम्ही दाखवायचं. कशाने? दुकानदार पावती देत नाही. चव साक्षीला येत नाही. प्रयोगशाळेचा अहवाल येईपर्यंत तुम्ही आत. आठशे-नऊशे वर्षांपूर्वी अल-शैजरीने जो बोजा बाजारावर आणि हाकिमावर टाकला होता, तो उचलून जेवणाऱ्याच्या ताटात ठेवला गेला.

मुंबई उच्च न्यायालयात न्या. अभय ओक आणि न्या. सुरेश गुप्ते यांच्या खंडपीठाने 6 मे 2016 रोजी निकाल दिला. कत्तलबंदी कायम राहिली. त्याबद्दल आमच्यातल्या अनेकांची निराशा झाली. पण 5 ड आणि 9 ब ही दोन्ही कलमं खंडपीठाने रद्द केली. आपल्या घरात काय खायचं यात सरकारने नाक खुपसणं हे खासगीपणाच्या हक्काविरुद्ध आहे, ही त्यातली भूमिका. राज्यात कापलेल्या मांसाच्या बाबतीतही, ते काय आहे हे माहीत असून बाळगलं असेल तरच गुन्हा, असा अर्थ लावला. आमच्या मोहल्ल्यांत या निकालाचा अर्धाच भाग पोहोचला. ‘बंदी कायम’ एवढं सगळ्यांना ठाऊक आहे. दुसरा अर्धा भाग वकिलांना आणि थोड्या पत्रकारांना माहीत.

हे वाचताना मला बुखारीतली एक हदीस आठवते. हजरत आयशांकडून ती आली आहे. काही लोक प्रेषितांकडे आले आणि म्हणाले की अमुक लोक आम्हाला मांस आणून देतात, कापताना त्यांनी अल्लाहचं नाव घेतलं की नाही ते आम्हाला माहीत नाही. ही माणसं नुकतीच इस्लाममध्ये आलेली होती. प्रेषितांनी आणणाऱ्याची झडती घ्यायला सांगितलं नाही. तुम्ही बिस्मिल्लाह म्हणा आणि खा, असं सांगितलं. फिकहच्या पंडितांनी या हदीसवर पुष्कळ चर्चा केली आहे आणि तिच्या मर्यादाही सांगितल्या आहेत. मला त्यात दिसतं ते एवढंच की संशयाला पुरावा मानलेलं नाही. आणि हे आपणही लक्षात ठेवायला हवं. आमच्यातही कुणाचं जबिहा खरं, कुणाचं खोटं, अमुक हॉटेलचं हलाल की नाही, यावरून एकमेकांच्या ताटात डोकावणारे कमी नाहीत. सरकारला एक न्याय आणि मसलकवाल्यांना दुसरा, असं कसं चालेल?

कायद्यातून कलम गेलं तरी रस्त्यावरून ते जात नाही. ऑगस्ट 2024 मध्ये धुळ्याहून मुंबईला येणाऱ्या गाडीत एका वृद्ध मुस्लिम प्रवाशाला सहप्रवाशांनी मारहाण केली. ते लेकीकडे निघाले होते आणि बरण्यांत मांस होतं. डब्यातल्या पोरांनी विचारलेला प्रश्न बर्नियरचाच होता, हे कशाचं आहे. फरक इतकाच की बर्नियर नाक मुरडून पुढे गेला होता. जुलै-ऑगस्ट 2025 मध्ये राज्यातल्या कुरेशी बिरादरीने जनावरांची खरेदी-विक्रीच थांबवली. म्हशी घेऊन जातानाही गाड्या अडवल्या जातात, मारहाण होते, ही त्यांची तक्रार होती. आठवडी बाजार ओस पडले तेव्हा भाकड जनावराचं करायचं काय, हा प्रश्न शेतकऱ्यापुढे उभा राहिला, आणि काही शेतकरी नेते कुरेशींच्या बाजूने बोलले. बैल विकून बी-बियाणं घेणारा मराठवाड्याचा शेतकरी आणि सिल्लेखान्यातला कसाई यांचं नातं शेगडी आणि कोळशासारखं आहे. ते दोघांनाही एरवी आठवत नाही.

या सगळ्यात कबाब बदलला. शहागंज, सिटी चौक, रोशन गेटकडे रमजानच्या संध्याकाळी अजून धूर असतो, पण गाड्यावर आता कोंबडीच जास्त दिसते. कोंबडी स्वस्त आहे. आणखी महत्त्वाचं म्हणजे तिच्याविषयी कुणी प्रश्न विचारत नाही. घरातही शिकमपूर कोंबडीचा होऊ लागला आहे. मटणाचे भाव बघता नवल नाही. ज्यांना तो शेगडीवर करायचा आहे त्यांनी एवढं करावं. कोंबडीचा खिमा छातीचा घेऊ नये, तंगडीचा घ्यावा, आणि सालीखालची चरबी त्यातच वाटून घ्यावी. पपई अजिबात नको, नाही तर लगदा होतो. डाळ्यांचं पीठ थोडं वाढवायचं, चमचाभर साय घालायची आणि टिक्की भाजायच्या आधी तासभर फ्रीजमध्ये ठेवायची. मटणापेक्षा आच कमी लागते, आणि जाळीवर असताना वरून एकदा तुपाचा हात फिरवावा लागतो. एवढं करूनही ती मटणाइतकी रसाळ होत नाही. पोटातला चक्का मात्र कोंबडीत जास्त आंबट लागतो, म्हणून हल्ली आमच्याकडे त्यात किंचित खवा मिसळतात.